एर्लँगमधील पर्यवेक्षक प्रक्रिया

पर्यवेक्षक प्रक्रिया किंवा सुपरवायझर ही समवर्ती सॉफ्टवेअरमधील, म्हणजे एकाच वेळी अनेक कामे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील, देखरेख करणारी प्रक्रिया होय. ती स्वतः कोणतेही प्रत्यक्ष काम करत नाही. आपल्या अखत्यारीतील अपत्य प्रक्रिया ठरलेल्या क्रमाने सुरू करणे, त्यांपैकी एखादी कोसळल्यास ती नियमानुसार पुन्हा सुरू करणे आणि प्रणाली थांबवताना सर्व अपत्ये व्यवस्थित बंद करणे ही तिची तीन कामे आहेत. ही संकल्पना एर्लँग या आज्ञावली भाषेत आणि तिच्यासोबत येणाऱ्या ओटीपी या ग्रंथालयसंचात पूर्णत्वास गेली. पर्यवेक्षक बिघाड दुरुस्त करत नाही, तो प्रक्रियेला तिच्या ज्ञात आरंभस्थितीत परत नेतो. हा उपाय लागू पडत नसल्यास प्रयत्न थांबवून प्रश्न वरच्या पातळीवर सोपवणे हाही त्याच्या कामाचा भाग आहे.

पार्श्वभूमी

एर्लँग भाषेचा विकास स्टॉकहोम येथील एरिक्सन कंपनीच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेत १९८६ पासून सुरू झाला. जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स हे तिचे मुख्य रचनाकार होत. दूरध्वनी केंद्रात एकाच वेळी हजारो संभाषणे चालू असतात. एका संभाषणातील बिघाडामुळे इतर संभाषणे तुटणे किंवा संपूर्ण केंद्र बंद पडणे तेथे परवडत नाही. या गरजेतून भाषेची घडण झाली. १९९० च्या दशकाच्या मध्यास ओटीपी हा संच तयार झाला आणि पर्यवेक्षक हा त्याचा प्रमाणित घटक बनला. एरिक्सनच्या एएक्सडी ३०१ या स्विचमध्ये एर्लँगच्या दहा लाखांहून अधिक ओळी वापरल्या गेल्या. डिसेंबर १९९८ मध्ये भाषा मुक्त स्रोत म्हणून खुली करण्यात आली. या विचाराची सविस्तर मांडणी आर्मस्ट्राँग यांनी २००३ मध्ये स्टॉकहोमच्या केटीएच या संस्थेस सादर केलेल्या प्रबंधात केली.

पुनरारंभाने बिघाड का दूर व्हावा, याचे स्पष्टीकरण त्याआधीच्या संशोधनात मिळते. टँडेम कंपनीतील जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये असे मांडले की, चाचण्यांमधून पार पडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये उरणारे बहुतेक दोष क्षणिक असतात. घटनांचा एखादा दुर्मीळ क्रम जुळून आला की ते प्रकट होतात आणि तेच काम नव्याने केले असता बहुधा पुन्हा दिसत नाहीत. पर्यवेक्षकाची उपयुक्तता मुख्यतः अशा दोषांपुरती आहे.

प्रक्रिया आणि दुवे

एर्लँगमधील प्रक्रिया कार्यकारी प्रणालीच्या प्रक्रियेपेक्षा पुष्कळ हलकी असते. प्रत्येक प्रक्रियेची मेमरी स्वतंत्र असते आणि प्रक्रिया एकमेकींशी केवळ संदेशांद्वारे व्यवहार करतात. त्यामुळे एक प्रक्रिया कोसळली तरी दुसरीची माहिती भ्रष्ट होत नाही.

दोन प्रक्रियांमध्ये दुवा जोडता येतो. दुव्याने जोडलेली एक प्रक्रिया संपली की दुसरीला निर्गमन संकेत मिळतो आणि त्या संकेतात संपण्याचे कारण नमूद असते. कारण सामान्य नसेल, तर संकेत मिळालेली प्रक्रियाही एरवी कोसळते. मात्र एखाद्या प्रक्रियेने संकेत अडवण्याची तयारी आधीच केली असेल, तर तो तिला साध्या संदेशाच्या रूपात मिळतो. पर्यवेक्षक आपल्या प्रत्येक अपत्याशी दुव्याने जोडलेला असतो आणि असे संकेत अडवतो. म्हणून अपत्याच्या मृत्यूची वार्ता त्याला तत्काळ कळते आणि तो स्वतः कोसळत नाही.

अपत्याचे वर्णन

पर्यवेक्षकाला प्रत्येक अपत्याचे वर्णन द्यावे लागते. त्यात अपत्याची ओळख, ते सुरू करणारे फलन, पुनरारंभाचा प्रकार, बंद करण्याची मुदत आणि ते कामकरी प्रक्रिया आहे की दुय्यम पर्यवेक्षक, या बाबी येतात. पुनरारंभाचे तीन प्रकार आहेत.

• पर्मनंट: अपत्य कोणत्याही कारणाने संपले तरी ते पुन्हा सुरू केले जाते. प्रकार नमूद न केल्यास हाच लागू होतो.
• ट्रान्झियंट: अपत्य असामान्य कारणाने संपले तरच ते पुन्हा सुरू होते. काम पूर्ण करून संपल्यास किंवा रीतसर बंद झाल्यास पुनरारंभ होत नाही.
• टेम्पररी: अपत्य कधीही पुन्हा सुरू होत नाही. भावंडाच्या मृत्यूमुळे ते बंद करावे लागले असले, तरीही हाच नियम राहतो.

पुनरारंभाची धोरणे

एक अपत्य कोसळले असता इतरांचे काय करावे, हे पर्यवेक्षकाच्या धोरणावर अवलंबून असते. धोरणाची निवड अपत्यांच्या परस्परावलंबनावरून केली जाते.

• वन फॉर वन: फक्त कोसळलेले अपत्य पुन्हा सुरू होते. अपत्ये परस्परांपासून स्वतंत्र असतील तेव्हा हे धोरण योग्य ठरते.
• वन फॉर ऑल: एक कोसळले की उरलेली सर्व अपत्ये बंद करून सगळी नव्याने सुरू केली जातात. एकाशिवाय दुसऱ्याच्या स्थितीला अर्थ नसेल, तेव्हा हे वापरतात.
• रेस्ट फॉर वन: कोसळलेले अपत्य आणि आरंभक्रमात त्याच्यानंतर आलेली अपत्ये यांचाच पुनरारंभ होतो. आधी सुरू झालेली अपत्ये तशीच चालू राहतात.
• सिंपल वन फॉर वन: एकाच प्रकारची अनेक अपत्ये गरजेनुसार निर्माण करण्यासाठी असलेले वन फॉर वनचे सुलभ रूप.

उदाहरणार्थ, एका पर्यवेक्षकाखाली नोंदवही सांभाळणारी, विदागाराशी जोडणी राखणारी आणि त्या जोडणीवरून अहवाल तयार करणारी अशा तीन प्रक्रिया या क्रमाने सुरू झाल्या आहेत असे मानू. रेस्ट फॉर वन धोरणात जोडणीची प्रक्रिया कोसळल्यास अहवालाची प्रक्रिया बंद केली जाते आणि नंतर जोडणी व अहवाल या दोन्ही त्याच क्रमाने सुरू होतात. नोंदवहीला धक्का लागत नाही. हेच धोरण वन फॉर वन असते, तर अहवालाची प्रक्रिया मृत जोडणीचा जुना पत्ता धरून बसली असती.

पुनरारंभाची मर्यादा

अमर्याद पुनरारंभ हा स्वतःच एक बिघाड आहे. सदोष अपत्य सतत कोसळत आणि उठत राहिल्यास प्रणाली वरवर चालू दिसते, पण काम होत नाही आणि नोंदींचा ढीग मात्र वाढत जातो. म्हणून प्रत्येक पर्यवेक्षकाला तीव्रता आणि कालावधी असे दोन आकडे दिलेले असतात. तीव्रता म्हणजे त्या कालावधीत अनुमत असलेल्या पुनरारंभांची कमाल संख्या. एर्लँगमध्ये काहीही नमूद न केल्यास ५ सेकंदांत १ पुनरारंभ अनुमत असतो. एलिक्सिर भाषेत ही मर्यादा ५ सेकंदांत ३ अशी आहे.

समजा, मर्यादा ५ सेकंदांत ३ आहे आणि एक अपत्य दर सेकंदाला कोसळते आहे. पहिल्या तीन वेळा ते पुन्हा सुरू केले जाईल. चौथ्यांदा कोसळताच मर्यादा ओलांडली जाईल. मग पर्यवेक्षक आपली सर्व अपत्ये बंद करतो आणि स्वतःही संपतो. त्याच्या वर असलेल्या पर्यवेक्षकाच्या दृष्टीने ही एका अपत्याचा मृत्यू झाल्याची घटना असते आणि तो आपल्या नियमांनुसार निर्णय घेतो. ही गणना प्रत्येक अपत्याची वेगळी नसून पर्यवेक्षकाच्या सर्व अपत्यांची मिळून असते. त्यामुळे एकाच पर्यवेक्षकाखाली पुष्कळ अपत्ये ठेवल्यास थोड्याशा गडबडीनेही मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

अनेक पातळ्यांवरील मर्यादांचा परिणाम गुणाकाराने वाढतो. दोन पातळ्यांवर प्रत्येकी २ पुनरारंभ अनुमत असतील, तर तळाचे अपत्य वरच्या पातळीने हार मानेपर्यंत ९ वेळा सुरू होऊन कोसळू शकते. मर्यादा ठरवताना हा गुणाकार लक्षात घेतला नाही, तर बिघाड उघडकीस येण्यास अनपेक्षित विलंब होतो.

पर्यवेक्षण वृक्ष

पर्यवेक्षकाखाली कामकरी प्रक्रियांप्रमाणेच इतर पर्यवेक्षकही असू शकतात. या रचनेस पर्यवेक्षण वृक्ष म्हणतात. ज्यांचा नाश परवडत नाही अशा प्रक्रिया मुळाजवळ ठेवतात आणि जोखमीची कामे पानांकडे सोपवतात. बिघाड पानाकडून मुळाकडे चढत जातो आणि प्रत्येक पायरीवर पुनरारंभाचा आवाका वाढतो: आधी एक प्रक्रिया, मग तिचा गट, मग संपूर्ण उपप्रणाली. मुळाशी असलेला पर्यवेक्षकही संपला, तर ते अनुप्रयोग थांबते. अनुप्रयोग पर्मनंट म्हणून सुरू केलेले असेल, तर एर्लँगची संपूर्ण आभासी यंत्रणाच बंद होते. त्यानंतर तिला उठवण्याचे काम यंत्रणेबाहेरील एखाद्या आज्ञावलीकडे जाते. एर्लँगसोबत येणारी हार्ट ही सुविधा अशा कामासाठीच आहे.

बंद करण्याची पद्धत

पर्यवेक्षक आपली अपत्ये आरंभाच्या उलट क्रमाने बंद करतो. शेवटी सुरू झालेले अपत्य प्रथम थांबते, त्यामुळे कोणत्याही प्रक्रियेचा आधार तिच्याआधी नाहीसा होत नाही. वरील उदाहरणात आधी अहवालाची, मग जोडणीची आणि अखेरीस नोंदवहीची प्रक्रिया बंद होते. म्हणूनच जोडणी बंद होत असतानाची नोंदही नोंदवहीत उतरू शकते.

प्रत्येक अपत्याला पर्यवेक्षक प्रथम शटडाउन हे कारण असलेला निर्गमन संकेत पाठवतो आणि ठरलेली मुदत संपेपर्यंत थांबतो. कामकरी प्रक्रियेसाठी ही मुदत एरवी ५,००० मिलिसेकंद, म्हणजे ५ सेकंद असते. तेवढ्या वेळात अपत्य संपले नाही, तर त्याला किल हा संकेत पाठवला जातो आणि हा संकेत कोणत्याही प्रक्रियेला अडवता येत नाही. मुदतीच्या जागी ब्रूटल किल असे नमूद केल्यास पहिली पायरी वगळून थेट किल पाठवला जातो. दुय्यम पर्यवेक्षकासाठी मुदत अमर्याद ठेवतात, कारण त्याला स्वतःच्या शाखेतील सर्व अपत्ये बंद करण्यास पुरेसा वेळ मिळणे आवश्यक असते. सिंपल वन फॉर वनमध्ये अपत्ये फार असू शकतात. तेथे ती सर्व एकाच वेळी बंद केली जातात आणि त्यांचा क्रम निश्चित नसतो.

फाइल बंद करणे किंवा अर्धवट माहिती साठवणे अशी आवराआवर ज्या अपत्याला करायची आहे, त्याने निर्गमन संकेत अडवण्याची तयारी केलेली असणे गरजेचे आहे. ओटीपीच्या सर्व्हर प्रकारच्या प्रक्रियेत आवराआवरीचे फलन लिहिलेले असले, तरी संकेत अडवलेला नसल्यास पर्यवेक्षकाच्या आदेशावर ती प्रक्रिया ते फलन न चालवताच संपते. नवशिक्यांच्या आज्ञावल्यांमध्ये माहिती गमावण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

ओटीपीच्या २०२१ मधील २४ व्या आवृत्तीत स्वयंचलित बंद होण्याची सोय आली. काही अपत्ये महत्त्वाची म्हणून नोंदवता येतात. त्यांपैकी एखादे किंवा सर्व अपत्ये काम संपवून थांबली की पर्यवेक्षकही आपली उरलेली अपत्ये बंद करून संपतो.

मर्यादा

पुनरारंभाची किंमत असते. नव्या प्रक्रियेला जुन्या प्रक्रियेची स्थिती मिळत नाही आणि तिच्या पेटीत वाचायचे राहिलेले संदेशही नष्ट होतात. जपण्यासारखी माहिती म्हणूनच अन्य प्रक्रियेकडे, मेमरीतील सामायिक तक्त्यात किंवा विदागारात ठेवावी लागते. तक्ता ज्या प्रक्रियेच्या मालकीचा असतो तिच्यासोबतच नाहीसा होतो, त्यामुळे त्याची मालकी क्वचित कोसळणाऱ्या प्रक्रियेकडे देतात.

त्याच निविष्टीवर दर वेळी प्रकट होणारा दोष पुनरारंभाने जात नाही. शिवाय पर्यवेक्षकाला फक्त मृत्यू कळतो. अडकून पडलेली पण जिवंत असलेली प्रक्रिया त्याच्या नजरेतून सुटते आणि तिच्यासाठी कालमर्यादेची वेगळी योजना करावी लागते. पर्यवेक्षक पुनरारंभापूर्वी थांबतही नाही. दूरचा विदागार मिनिटभर बंद असेल आणि अपत्य सुरू होतानाच जोडणीचा आग्रह धरत असेल, तर सर्व प्रयत्न क्षणार्धात संपून बिघाड वर चढतो. यावर प्रचलित उपाय असा की, अपत्याने जोडणीविना सुरू व्हावे आणि प्रयत्नांमधील अंतर वाढवत स्वतःच जोडणी करत राहावे.

इतर प्रणाली

हेच प्रश्न इतर प्रणालींनी आपापल्या पद्धतीने सोडवले आहेत. लिनक्सवरील सिस्टमडीमध्येही सेवांच्या पुनरारंभाला मर्यादा असते. सेवा बंद करताना आधी सिगटर्म आणि मुदतीनंतर सिगकिल हा संकेत दिला जातो. कुबर्नेटीस वारंवार कोसळणाऱ्या कंटेनरच्या दोन पुनरारंभांमधील अंतर वाढवत नेते, मात्र हार मानून प्रश्न वर सोपवत नाही. एलिक्सिर ही भाषा एर्लँगच्याच आभासी यंत्रणेवर चालते आणि ओटीपीचे पर्यवेक्षक वापरते. स्काला व जावा यांसाठीच्या अक्का या संचानेही पर्यवेक्षणाची कल्पना एर्लँगकडून घेतली.