घरगुती हिंसाचार आणि पोलीस संरक्षण

कुटुंबातील व्यक्तीकडून स्त्रीला होणारा शारीरिक, लैंगिक, भावनिक वा आर्थिक छळ म्हणजे घरगुती हिंसाचार. धाराशिव जिल्ह्यातील वाशी या तालुक्याच्या गावी असो वा मुंबईत, २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात असलेल्या कायद्यानुसार, तक्रार ऐकणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने पीडितेला संरक्षण अधिकारी (दंडाधिकाऱ्यापुढे अर्ज करण्यास मदत करणारा शासननियुक्त अधिकारी), मोफत विधी सेवा आणि फौजदारी तक्रारीचा हक्क यांची माहिती देणे बंधनकारक आहे. म्हणूनच ‘घरचा मामला’ म्हणून तिला माघारी पाठवणे हे कर्तव्यात कसूर करणेच होय. छळ रोखण्यासाठी दंडाधिकाऱ्याने दिलेला संरक्षण आदेश मोडणाऱ्यास १ वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पोलीस यंत्रणेतच समाजकार्यकर्त्या बसवणारा विशेष कक्ष टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत सुरू केला, आणि पुढे तो राज्यभर पसरला.