सांगडीपासून थर्मोकोलपर्यंत

दोन भिन्न गोष्टींचा मेळ बसविणें यास मराठींत ‘सांगड घालणें’ असें म्हणतात. हा वाक्प्रचार नित्य तोंडीं असणारांपैकीं फार थोड्यांच्या डोळ्यांपुढें आतां खरी सांगड उभी राहत असेल. वाळून आंतून पोकळ झालेले दोन मोठे भोपळे दोरीनें एकत्र बांधिले म्हणजे सांगड तयार होई. तिच्या आधारानें न पोहणारा मनुष्यहि नदी पार करी. दोन होड्या शेजारीं शेजारीं बांधून वर फळ्या टाकिल्या, तर त्या जोडीसहि सांगडच म्हणत. वस्तु गेली आणि शब्द मागें राहिला. मात्र जी गरज सांगडीनें भागत असे ती गेलेली नाहीं. ती आज दुसऱ्या एका पदार्थानें भागविली जाते, आणि त्या पदार्थाचा हिशेब अद्याप कोणी नीट मांडलेला नाहीं.

पुणें जिल्ह्यांतील भोर व वेल्हे हे दोन डोंगरी तालुके घ्यावे. त्यांपैकीं वेल्हे तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय शासनानें घेतला आहे, आणि तें साहजिकच आहे. रायगडास राजधानी जाण्यापूर्वीं सुमारें पंचवीस वर्षें शिवछत्रपतींचा कारभार राजगडावरून चालला. त्या गडाच्या पाली दरवाजांतून उतरणारी पायऱ्यांची वाट ज्या बाजूस येते, तिकडे पाली हें गांव आहे. मृग लागला कीं या मुलुखांतील प्रत्येक ओढा नदीचा आव आणतो. कानंदी, गुंजवणी, वेळवंडी, नीरा यांचीं पाणीं चढलीं म्हणजे पलीकडचें गांव डोळ्यांस दिसे, पण पायांस मिळत नसे. अशा प्रदेशांत पाण्यावर तरणारी वस्तु ही चैनीची नव्हे, संसाराचीच एक गरज होती.

ती गरज भागविण्यासाठीं लोकांनीं काय काय वापरलें, हें पाहण्यासारखें आहे. भोपळा तर होताच. पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीस सुकलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधीत, कारण पांगाऱ्याचें लाकूड वजनास अतिशय हलकें. बांबूंचे तराफे होते. पाणथळ जागीं उगवणाऱ्या भेंड नांवाच्या झाडाचा पांढराशुभ्र, मऊ गाभा तर हलकेपणांत सर्वांवर ताण करी. त्याचीं बाशिंगें होत, गणपतीचीं मखरें होत, आणि जाळ्याची वरची दोरी तरती राहावी म्हणून तिला बांधावयाचे तुकडेहि होत. मखर आणि जाळें हीं भेंडाचीं दोन कामें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावीं. त्यांचा संबंध पुढें यावयाचा आहे.

या सर्व वस्तूंत एक गुण समान होता. त्या फुटत, कुजत, पुरांत वाहूनहि जात. पण ज्या मातींतून त्या आल्या त्याच मातींत त्या विरून जात. भोपळा फुटला तर धन्याचें नुकसान होई, नदीचें होत नसे.

पाण्यावर घालावयाची वस्तु कशाची असावी, याविषयीं राज्यकर्त्यानें नियम करावा, ही कल्पनाहि या देशांत नवी नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवावर असलेल्या ‘आज्ञापत्र’ या अठराव्या शतकाच्या आरंभींच्या ग्रंथांत आरमारासाठीं लागणाऱ्या लाकडाची व्यवस्था सांगितली आहे. सागवानादि झाडें परवानगीनें तोडावीं. आंबा व फणस आरमाराच्या उपयोगाचे असले तरी रयतेनें तीं झाडें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, म्हणून त्यांस हात लावूं नये. एखादें झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालें असेल, तर धन्यास राजी करून, त्याचें मोल देऊन मगच न्यावें. सरकारची गरज खरी, पण ती भागवितांना गरिबाच्या दारांतलें झाड पडतां कामा नये, हें त्या व्यवस्थेमागील तत्त्व होय.

पुढें नद्यांचें रूपच पालटलें. मुठेवर खडकवासल्याचा बांध १८७९ सालीं झाला. वेळवंडीवर भाटघर येथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक बांध झाला आणि त्याच्या जागीं मोठें धरण १९२८ सालीं पुरें झालें. आंबी नदीवरील पानशेतचें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें व त्यानें पुण्यावर काय अनर्थ ओढवला, तें सर्वश्रुत आहे. तें धरण पुन्हा बांधिलें गेलें. मोसी नदीवर वरसगांव झालें, आणि अलीकडे कानंदीवर धानेपजवळ गुंजवणी धरण उभें राहिलें. पूर्वी जेथें चार महिने पाणी व आठ महिने वाळवंट असे, तेथें आतां बारमास जलाशय पसरला. धरणांच्या अशा फुगवट्यांत महाराष्ट्रांतील किती तरी ठिकाणीं जुनी वाट पाण्याखालीं गेली, आणि नवी मासेमारी, नवे पाणी उपसणारे पंप व सहलीच्या नौकांचे धक्के काठावर आले. या सर्वांना तरणारा आधार हवा होता. नेमक्या याच काळांत बाजारांत एक अद्भुत पदार्थ आला.

त्याचा जन्म परदेशांतील. पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकमध्यें हवा कोंडून त्याचा फेस गोठविण्याची युक्ति स्वीडनमधील कार्ल मुंटर्स या संशोधकानें १९३१ च्या सुमारास काढिली. अमेरिकेंतील डाऊ कंपनीनें ती १९४१ च्या सुमारास पुन्हा सिद्ध केली, आणि १९४२ सालीं तेथील किनारा-रक्षक दलानें या फेसाचा सहा माणसांचा जीवरक्षक तराफा स्वीकारिला. म्हणजे या पदार्थाचें पहिलें मोठें काम पाण्यावर माणसाचा जीव वांचविण्याचें होतें. पुढें १९५० च्या आगेमागें जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीनें बारीक मणी वाफेनें फुगवून त्यांचे ठोकळे पाडण्याची स्वस्त रीत शोधिली. आपल्याकडे हाच पदार्थ ‘थर्मोकोल’ म्हणून ओळखला जातो. मूळचें हें एक व्यापारी नांव, पण आज तें त्या वस्तूचेंच नांव होऊन बसलें आहे.

त्याचे गुण नाकारतां येण्यासारखे नाहींत. थर्मोकोलच्या ठोकळ्यांत शंभरांतील सुमारें अठ्ठ्याण्णव भाग नुसती हवा असते. एक घनमीटर पाण्याचें वजन १००० किलो. तेवढ्याच आकाराच्या साध्या थर्मोकोलचें १५ ते ३० किलो. तेव्हां असा ठोकळा पूर्ण बुडेपर्यंत साडेनऊशें किलोंहून अधिक भार पेलूं शकतो. तो गंजत नाहीं, त्यास वाळवी खात नाहीं, किंमतहि बेताची, आणि मालाच्या खोक्यांतून निघालेला तुकडा तर फुकटच मिळतो. पांगारा, भेंड व भोपळा एका पिढींत मागें पडले यांत नवल नाहीं.

परंतु तरणाऱ्या वस्तूची परीक्षा ती शाबूत असतां होत नाहीं. ती फुटल्यावर होते. थर्मोकोलचा ठोकळा म्हणजे एकमेकांस चिकटलेल्या मण्यांची रास. ऊन त्याचा पृष्ठभाग ठिसूळ करतें, लाटा त्यास धक्क्याच्या खांबावर घासतात, दोर त्यांत रुतत जातो, आणि ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे मणी एकेक करून पाण्यावर सुटतात. हवेचें प्रमाण इतकें अधिक असल्यामुळें ते बुडत नाहींत, आणि प्लॅस्टिक असल्यामुळें कुजतहि नाहींत. केवळ आणखी बारीक होत जातात. मासे व पांखरें त्यांस खाद्य समजून गिळतात. खाऱ्या पाण्यांत आणखी एक शत्रु आहे. अमेरिकेंतील ऑरेगनच्या किनाऱ्यावरील संशोधनांत, लाकूड पोखरणारे लहान कवचधारी जीव धक्क्यांखालील थर्मोकोलमध्यें बिळें करतात व प्रत्येक बिळांतून हजारों सूक्ष्म कण बाहेर टाकतात, असें आढळून आलें. तें संशोधन २०१२ सालीं प्रसिद्ध झालें.

एक मणी कोठवर जाऊं शकतो, याची वाट नकाशावर सहज आंखतां येते. पालीच्या बाजूचें पाणी गुंजवणी-कानंदींतून नीरेस मिळतें. याच तालुक्याच्या पलीकडल्या अंगाचें पाणी पानशेत, वरसगांव, खडकवासला या मार्गानें पुणेंकरांच्या घागरी भरून मुठेंतून भीमेंत उतरतें. नीरा आणि भीमा यांचा संगम नीरा-नरसिंहपूरास होतो. तेथून हें पाणी पंढरपुरास चंद्रभागा म्हणून वाहतें, पुढें कृष्णेस मिळतें व शेवटीं पूर्वसमुद्रास जातें. राजगडाच्या पायथ्याशीं सुटलेला मणी वाटेंत बांधांशीं थबकेल, वर्षानुवर्षें काठाच्या गाळांत पडून राहील. पण महापूर आला कीं पुन्हा प्रवासास निघेल. वारकऱ्यांच्या स्नानाचें तीर्थ आणि मावळांतला तराफा यांचा संबंध इतका जवळचा आहे.

इतर देशांस हा प्रश्न आपल्या आधीं जाणवला. कॅनडांतील ऑंटॅरिओ प्रांतांत सरोवरांच्या कांठीं असंख्य घरें आहेत व बहुतेकांस तरता धक्का असतो. तेथें २०२१ सालीं कायदा झाला आणि मे २०२३ पासून तो अमलांत आला. धक्के व बोये यांतील थर्मोकोल उघडा असतां कामा नये, तो टिकाऊ कवचांत पूर्ण बंदिस्त असला पाहिजे, हें त्याचें सार. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यानेंहि २०२३ सालीं धक्क्यांतील अशा फेसावर निर्बंध घालणारा कायदा केला. दक्षिण कोरियांत कालवांच्या व सागरी शैवालाच्या शेतीसाठीं थर्मोकोलच्या बोयांचा मोठा वापर असे. तेथें नव्यानें असे बोये लावण्यास २०२२ व २०२३ अशा दोन टप्प्यांत बंदी झाली. या कायद्यांचा रोख हलकेपणावर नाहीं. हलका पदार्थ उघड्या पाण्यांत उघडा टाकण्यावर आहे.

महाराष्ट्र याबाबतींत अगदींच मागें होता, असें म्हणतां येणार नाहीं. २६ जुलै २००५ च्या मुंबईंतील जलप्रलयांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांनीं गटारें तुंबल्याचें दिसून आलें. २००६ सालीं अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा अधिनियम झाला. त्याच्या आधारें २३ मार्च २०१८ रोजीं राज्य शासनानें प्लॅस्टिक व थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढिली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० व तिसऱ्यास २५,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी तिची जरब होती. त्या वर्षीं गणेशोत्सवासाठीं थर्मोकोलच्या मखरांस सवलत मिळावी म्हणून व्यावसायिक उच्च न्यायालयांत गेले. जुलै २०१८ मध्यें न्यायालयानें ती नाकारिली. पुढें १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर सर्व देशांत बंदी आली.

आतां भेंडाचीं तीं दोन कामें पुन्हा आठवावीं. थर्मोकोलनें मखरहि घेतलें आणि जाळ्याची दोरीहि घेतली. कायद्यानें त्यांपैकीं मखर तेवढें पाहिलें. अधिसूचनेच्या यादींत ताटें, वाट्या, पेले, चमचे आहेत, सजावट आहे; परंतु जो ठोकळा जन्मभर पाण्यांतच राहतो, पाण्यांतच झिजतो व ज्याचा कण न् कण पाण्यांतच सुटतो, त्याची वेगळी दखल तींत घेतलेली नाहीं. मखर दहा दिवस घरांत असतें आणि मग त्याचा कचरा होतो. तराफा पहिल्या दिवसापासूनच नदींत असतो.

मग त्यासहि यादींत घालून मोकळें व्हावें काय? येथें इतिहासानें सावध केलें पाहिजे. २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील भिव धानोरा या गांवचीं मुलें जायकवाडीच्या फुगवट्यांतून थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून शाळेंत जात असल्याची वार्ता प्रसिद्ध झाली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें तिची स्वतःहून दखल घेतली. ज्या मुलास पूल नाहीं, होडी नाहीं, त्यास थर्मोकोल ही चैन नव्हे; ती त्याची सांगड आहे. धरणाचें पाणी शहरानें प्यावें, शेतांनीं घ्यावें, आणि फुगवट्याच्या पलीकडे अडकलेल्यानें दंड भरावा, हा न्याय आज्ञापत्रांतील व्यवस्थेस शोभणारा नाहीं. आंब्याचें मोल दिल्यावांचून आंबा न्यावयाचा नसे. तसेंच दुसरा आधार दिल्यावांचून गरिबाचा तराफा काढून घेऊं नये.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. सहलीच्या नौकांचे धक्के, सरकारी व संस्थांचे तरते मंच यांपासून आरंभ व्हावा, कारण त्यांच्याजवळ पैसा आहे व त्यांची संख्या मोजतां येते. तेथें उघडा थर्मोकोल बदलून बंद कवचाचे तरते डबे घालावे. मासेमारांच्या सहकारी संस्थांना घट्ट झांकणांचीं पिंपें व पक्के बोये अल्प किंमतींत द्यावे आणि जुना ठोकळा आणून देणारास त्याचा मोबदला मिळावा, म्हणजे तो काठावर टाकला जाणार नाहीं. जेथें मुलें तराफ्यावर शाळेस जातात तेथें आधीं पूल किंवा होडी आली पाहिजे. एवढें झाल्यावर बंदीचा हुकूम निघाला, तर तो पाळला जाईल.

पूर्वीच्या लोकांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें, आणि भोपळा निवडतांना त्यांनीं नदीच्या हिताचा कांहीं फार विचार केला होता, असेंहि नव्हे. हाताशीं जें होतें तें त्यांनीं वापरिलें, आणि सुदैवानें तें विरून जाणारें होतें. आजच्या मनुष्याच्या हाताशीं जें आहे तें विरत नाहीं. तेव्हां जें काम पूर्वी निसर्गच करी, तें आतां माणसाच्या विवेकानें व राज्याच्या नियमानें करावें लागणार. मावळांतून निघणारें पाणी जितक्या गांवांना पाजावयाचें, तितक्या सर्व गांवांचा विचार काठावर ठोकळा टाकणारानें आणि त्यास दुसरा ठोकळा न देणारानेंहि केला पाहिजे.