फ्रिजसारखी आई आणि अर्धा कोयता

स्वमग्न मुलांच्या इतिहासात त्यांच्या आया पहिल्यांदा येतात त्या आरोपी म्हणून.

१९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांवर एक लेख लिहिला. ऑटिझम जन्मजात असावा, असं त्यात होतं. पण या मुलांचे बरेच आईबाप मायाळू नाहीत, असा शेराही होता. जगाने नेमका तो शेरा उचलला. पुढे 'फ्रिजसारखी आई' हा शब्दच रूढ झाला. १९६७ मध्ये ब्रुनो बेटेलहाइम यांच्या 'द एम्प्टी फोर्ट्रेस' या पुस्तकाने त्यावर आणखी शिक्का मारला. त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड या स्वमग्न मुलाच्या बापाने हा आरोप पुराव्यानिशी खोडून काढला होता. १९६९ मध्ये खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांना निर्दोष म्हटलं. १९७७ मध्ये जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून अनुवंशिकतेचा पुरावाही आला.

आपल्याकडे आईला दोष द्यायला असं पुस्तक लागलं नाही. ग्रहण पाळलं नाही, मोबाइल हातात दिला, पोराशी बोलतच नाही. हे ऐकायला बाल्टिमोरला जावं लागत नाही.

कायद्याला तर हे मूल दिसायलाच वेळ लागला. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ मध्ये २१ प्रकारांच्या यादीत.

आता बीड. इथून दर दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादम नवरा-बायकोला मिळून 'एक कोयता' धरतो आणि उचलही जोडीवरच देतो. बाई थांबली की कोयता अर्धा राहतो, खाडा पडला की पैसे कापले जातात. पाळी आणि आजारपणातले हे खाडे किती महाग पडतात, ते २०१९ मध्ये राज्याला कळलं. नीलम गोऱ्हे समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं.

याच हिशेबात स्वमग्न मूल ठेवून बघा. अशा अनेक मुलांना रोजचा क्रम मोडला की त्रास होतो. इथे तर दर हंगामात गाव बदलतं, घराच्या जागी कोपी येते, रात्री-अपरात्री गाड्या भरायच्या असतात. सोबत न्यावं तर फडाच्या कडेला त्याच्याकडे बघणार कोण? आजीपाशी ठेवावं तर सहा महिने आई नाही. दोन्हीकडे दोष तिलाच.

२०१६ च्या कायद्यात 'काळजीवाहक' या शब्दात आईबापही येतात. कलम २४ मध्ये काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. पण तो मुलाच्या नावाने, आणि जास्त आधाराची गरज असल्याचं प्रमाणित झालं तरच. त्यासाठी आधी मुलाला घेऊन सरकारी दवाखान्यात तपासणीला जायचं, तेही एका खेपेत होईलच असं नाही. हंगामात ती बाई असते कोल्हापूर-सांगलीकडे, नाहीतर कर्नाटकात.