धरणगाव ते भादली : दोन कवी, एक दिवस

वाङ्मयेतिहास आपण कालपटावर शिकवतो, नकाशावर क्वचितच. केशवसुतांनंतर बालकवी, त्यानंतर रविकिरण मंडळ आणि पुष्कळ पुढे, स्वातंत्र्योत्तर काळाच्या आरंभी, बहिणाबाई : हा क्रम आपल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो. खानदेशात अध्यापन करणाऱ्या आम्हांला मात्र हा क्रम अधूनमधून अडखळवतो. कारण नकाशावर हे दोन कवी एकमेकांपासून फार दूर नाहीत. एका दिवसात, थोडी रेल्वे आणि थोडी सायकल यांच्या आधारे, दोघांचीही गावे पाहून परत येता येते. या सहलीची आखणी येथे मांडत आहोत. ती करताना वाङ्मयेतिहासाचा एक प्रश्नही आपोआप उभा राहतो.

प्रथम रुळांविषयी. मुंबईहून येणारा लोहमार्ग १८६०च्या दशकात जळगाव-भुसावळ भागात पोहोचला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता आणि खानदेशच्या काळ्या जमिनीतील कपाशीला एकाएकी भाव आला होता. पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरतेकडून तापी खोऱ्यातून येणारा मार्गही जळगावला मिळाला. कापसाची पेठ म्हणून वाढलेले जळगाव असे दोन मार्गांचे जंक्शन झाले. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे विभाजन होऊन ते पूर्व खानदेशाचे मुख्य ठिकाण बनले. पश्चिम खानदेशाचे मुख्य ठिकाण धुळे झाले.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचे सारे आयुष्य या रुळांच्या कडेने मांडता येते. जन्म धरणगावी, १८९० मध्ये. १९०७ मध्ये जळगावी पहिले कविसंमेलन भरले. तेथे या कोवळ्या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरविले. पुढे अहमदनगरास रेव्हरंड टिळकांच्या घरी वास्तव्य, पुणे, महाड अशी भटकंती. आणि ५ मे १९१८ रोजी जळगावनजीकच्या भादली स्थानकापाशी आगगाडीखाली मृत्यू. वय अवघे सत्तावीस. धरणगाव, जळगाव, भादली : जन्म, नाव आणि मृत्यू ही तिन्ही स्थानके आज एकाच प्रवासात गाठता येतात.

म्हणून आमची सूचना अशी, की सहलीचा पूर्वार्ध रेल्वेनेच करावा. सायकल जळगाव स्थानकाजवळ सोयीच्या जागी ठेवावी आणि सकाळच्या पॅसेंजरने धरणगाव गाठावे. सायकल बरोबर नेण्याचा मोह टाळलेला बरा. ती प्रवासी डब्यात चालत नाही. पार्सल कार्यालयात नोंदवून ब्रेकव्हॅनमधून न्यावी लागते आणि लहान स्थानकावरील मिनिट-दोन मिनिटांच्या थांब्यात ती उतरवून घेणे जिकिरीचे होते. धरणगावहून महामार्गाने सायकलवर परतणे तर अवजड वाहतुकीमुळे धोक्याचे आहे. सर्व गाड्या धरणगावी थांबत नाहीत, तेव्हा वेळापत्रक आदल्या दिवशीच पाहून ठेवावे; परतीची गाडी चुकलीच तर एस.टी. आहे. वाटेत गिरणेचा पूल लागतो. हिवाळ्यात पात्रात पाणी थोडे आणि वाळूच अधिक दिसते. बालकवींच्या कवितेतील झुळझुळते झरे आणि हिरवी कुरणे मनात घेऊन आलेल्या विद्यार्थ्याने खिडकीतून हे पात्र अवश्य पाहावे. कवीचा निसर्ग हा जन्मगावाच्या निसर्गाचे छायाचित्र नसतो, हे समजण्यास एवढे पुरेसे आहे.

उत्तरार्ध सायकलचा. जळगावहून आसोदा पाच-सहा किलोमीटर आणि त्याच रस्त्याने पुढे भादली. जाऊन येऊन अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आसपास भरते. प्रदेश सपाट आहे, त्यामुळे साधी सायकलही चालते. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि कपाशीची शेते. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस निवडावेत. वेचणीच्या सुमारास शेतात माणसे असतात, ऊन सोसते आणि आसोद्याच्या प्रसिद्ध वांग्यांचे भरीतही याच ऋतूत खरे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो; तेव्हा हा बेत कोणी करू नये.

आसोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर आणि जळगाव सासर. म्हणजे आपण ज्या रस्त्यावर पायडल मारतो तीच त्यांच्या गाण्यातली माहेरची वाट. ते गाणे वर्गात शिकवताना ‘माहेर’ ही एक भावना म्हणून शिकवली जाते. येथे ते एक अंतर म्हणून कळते. चालत गेले तर तास-सव्वा तासाचे, म्हणजे डोळ्यांसमोर असलेले अंतर. ते रोज ओलांडता येण्याजोगे होते, पण संसार आणि शेत यांच्यामुळे रोज ओलांडता येत नव्हते. गाण्यातील ओढ या दोहोंच्या मध्ये आहे. गाडीतून हा रस्ता दहा मिनिटांत संपतो आणि हातात काहीच राहत नाही. सायकलचा वेग पायी चालणाऱ्याच्या जवळचा असतो, म्हणून येथे सायकलच हवी.

आता प्रश्नाकडे येऊ. बहिणाबाईंचा जन्म १८८० चा. म्हणजे त्या बालकवींहून दहा वर्षांनी मोठ्या. जळगावात कविसंमेलन भरले तेव्हा त्याच गावात त्यांचा संसार चालू होता. त्यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात सुचलेल्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी टिपून घेतल्या. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, त्यांची गाणी ग्रंथरूपाने आली. वाङ्मयेतिहासाने त्यांना १९५२ च्या पुढे बसवले ते या मुद्रणामुळे. आपला कालक्रम कवितेचा नसून छापखान्याचा आहे, असे म्हणावे लागते. ज्या काव्याला संमेलन, मासिक आणि आगगाडी मिळाली ते आधीचे ठरले. जे पायवाटेने घरापर्यंतच गेले ते नंतरचे ठरले.

बालकवींचे महत्त्व यामुळे उणे होत नाही. उलट त्यांच्या संस्कृतप्रचुर, नादमधुर भाषेच्या शेजारी लेवा गणबोली ठेवून वाचली, की दोहोंचेही वेगळेपण उठून दिसते. एकाच काळ्या मातीवर एकाने निसर्ग स्वप्नासारखा पाहिला आणि दुसरीने तो नांगर, पेरणी, मळणी यांतून हाताळला. हे शेजारपण अभ्यासक्रमात दोन वेगळ्या घटकांत विभागले जाते.

इंग्लंडात विल्यम वर्डस्वर्थने १८४४ मध्ये आपल्या सरोवरांच्या प्रदेशात येऊ घातलेल्या रेल्वेला जाहीर विरोध केला होता. तरी १८४७ मध्ये ती आलीच आणि पुढे तिनेच त्याचे वाचक त्याच्या गावापर्यंत आणले. आपल्याकडे रुळ कवीच्या आधीपासून आहेत. वाचकांनी यायचे बाकी आहे.

भादलीस मोजक्याच गाड्या थांबतात. इतर गाड्या न थांबता धडधडत जातात आणि १९१८ नंतर येथील मार्गांची संख्याही वाढली आहे. तेव्हा रूळ कोठेही ओलांडू नयेत. स्थानकाबाहेर सायकल उभी करून फलाटावरूनच पाहावे. विद्यार्थ्यांचा गट असेल तर येथे बालकवींची एक कविता वाचावी आणि परतताना आसोद्यात बहिणाबाईंचे एक गाणे. क्रम उलटा ठेवला तरी चालेल. किंबहुना जन्मसाल पाहता तोच अधिक बरोबर ठरेल.