गोड गळा आणि कडू आशय

संगीत गोड असलें म्हणजे तें निरुपद्रवी आणि कर्कश असलें म्हणजे तें घातक, अशी एक समजूत आमच्या सुशिक्षित वर्गांत खोल रुजलेली आहे. मुलगा 'हेवी मेटल' नांवाचें विजेच्या गिटारींचें गर्जणारें संगीत ऐकूं लागला कीं वडील माणसें सचिंत होतात; मुलगी 'पॉप'मधील एखादी मंजुळ चाल गुणगुणूं लागली तर त्यांस कौतुक वाटतें. इतिहासाची साक्ष निराळी आहे, आणि ती शोधण्यास वर्धा जिल्ह्याबाहेर जाण्याचेंहि कारण नाहीं.

तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) हे अमरावती जिल्ह्यांतील यावलीचे. १९३६ सालीं ते गांधीजींजवळ सेवाग्रामास (तेव्हां त्या गांवाचें नांव शेगांव होतें) सुमारें महिनाभर राहिले होते. हातांत खंजिरी, चाल सोपी, मागें म्हणणारे साधे शेतकरी. पाहणारास हा निव्वळ हरिनामाचा सोहळा वाटावा. परंतु त्याच भजनांत दास्याची चीड होती, मरणाची तयारी होती. त्या काळच्या त्यांच्या एका हिंदी पदांत तर झाडेंझुडपें शस्त्रें होतील आणि दगडांचे बाँब होतील, अशी उघड भाषा आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं आमच्या जिल्ह्यांतील आष्टीस आणि शेजारच्या तत्कालीन चांदा जिल्ह्यांतील चिमूरास लोक पोलिसांपुढें उभे राहिले. गोळीबारांत सत्याग्रही पडले. जमावाच्या हातूनहि माणसें मारलीं गेलीं. हा उठाव भजनानेंच घडविला असें आम्ही म्हणत नाहीं. ८ ऑगस्टच्या मुंबईच्या ठरावानें सारा देशच पेटला होता. पण त्याच महिन्यांत महाराजांस अटक होऊन नागपूर व रायपूरचे तुरुंग पाहावे लागले. खंजिरीच्या नादांत काय भरलें आहे, हें परक्या सरकारास बरोबर कळलें होतें!

पुढें अमेरिकेंतहि असाच प्रकार झाला, फरक इतकाच कीं तेथें भ्याले ते पालक. १९८५ सालीं वॉशिंग्टन येथील कांहीं प्रतिष्ठित स्त्रियांनीं समिती स्थापून पंधरा आक्षेपार्ह गाण्यांची यादी काढली. आक्षेप वासनेचा, हिंसेचा, मद्यादि व्यसनांचा आणि पिशाचविद्येचा. तींत ब्लॅक सॅबथ व जुडास प्रीस्ट हे मेटलवाले होते, यांत नवल नाहीं. परंतु त्यांच्याच पंगतीस मॅडोना आणि सिंडी लॉपर बसल्या होत्या, व अग्रस्थानीं होता पॉपचा लाडका प्रिन्स. टिपर गोर या बाईंनीं आपल्या मुलीसाठीं हौसेनें घरीं आणलेली त्याचीच तबकडी या चळवळीस कारण झाली होती.

आमच्या मतें मेटल हें निदान आपला अंधार लपवीत नाहीं. ब्लॅक सॅबथच्या १९७० च्या 'वॉर पिग्स' या गीतांत चेटकिणी आहेत खऱ्या, पण ती उपमा युद्ध पेटविणाऱ्या सेनापतींस दिलेली आहे. उलट 'पोलिस' या वाद्यवृंदाचें १९८३ चें 'एव्हरी ब्रेथ यू टेक' हें मृदु गीत पाहा. सोडून गेलेल्या स्त्रीवर अष्टौप्रहर पाळत ठेवणाऱ्या पुरुषाचें तें मनोगत आहे. तें कुटिल आहे असें खुद्द कवीनेंच, म्हणजे स्टिंगनें, सांगून ठेविलें आहे. तरी तें अजूनहि लग्नसमारंभांत प्रेमगीत म्हणून वाजविलें जातें.