माळवद आणि स्लॅब

उन्हाळ्याला तोंड देणारे साधे घर ही नव्या वास्तुकलेचीच देणगी, असे ज्यांना वाटते त्यांनी सोलापूरकडची जुनी धाब्याची घरे पाहावीत. दगडमातीच्या दोन हात जाड भिंती, रस्त्याकडे खिडक्या जवळजवळ नाहीतच. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या, पाला आणि वीत-दीड वीत पांढरी माती. उजेडाला एक सवणे. दुपारचे ऊन ही माती पिऊन घेते. ते आत उतरेतो रात्र होते, आणि तोवर घरातली मंडळी माळवदावर आभाळाखाली निजलेली असतात!

१९५०च्या दशकात ल कार्बूझिए याने अहमदाबादेत साराभाईंचे घर बांधले, तेव्हा छपरावर माती घालून गवत लावले. आमच्या आज्यांना त्याचे नवल वाटले नसते.

परंतु ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या भिंती ढासळल्या आणि माळवदाचा भार निजलेल्यांवर कोसळला. हजारो माणसे गेली. लोकांनी माळवदाची धास्ती घेतली, ती रास्तच होती. स्लॅबची ओढ वाढली. पण चार-पाच इंची उघडा स्लॅब संध्याकाळपर्यंत तव्यासारखा तापतो, आणि आमच्या शहरात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायांना त्याखालून उठून जाता येत नाही. स्लॅबला चुन्याचा हात दिला, वर हातभर अंतर सोडून बांबूचा मांडव घातला, तर वजन न वाढता ऊन पुष्कळ अडते. घरकुलाच्या अंदाजपत्रकात हा खर्च आधीच धरावा, असे आम्हांस वाटते.