प्रार्थनेंतील धैर्य

पुणें जिल्ह्याच्या पूर्वेस, घोड व भीमा या नद्यांच्या आश्रयानें वसलेले शिरूर व दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतात. पाऊस लांबला म्हणजे आकाशाकडे पाहून देवाची करुणा भाकणें येथील माणसाला नवें नाहीं. एकोणिसाव्या शतकांत या भूमींत ख्रिस्ती प्रार्थनाही रुजली. शिरूर येथें अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें होतें. परंतु या प्रार्थनेचा विलक्षण इतिहास घडला तो दौंड तालुक्यांतील केडगांवीं, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांत.

निःशंक मनानें देवासमोर जाणें यासाठीं मराठी बायबलांत 'धैर्य' हा शब्द योजिलेला आढळतो. मागितलेलें मिळेलच ही खात्री निराळी, आणि ऐकणारा आपला आहे हें जाणून मागण्याचें धैर्य निराळें. योहानाच्या पहिल्या पत्रांतही हें धैर्य देवाच्या इच्छेस अनुसरून केलेल्या मागण्याशींच जोडलेलें आहे.

दुष्काळांत आईबाप व थोरली बहीण गमावलेल्या रमाबाईंना, देवाजवळ मागून रिकाम्या हातीं परतणें म्हणजे काय, हें तरुणपणींच कळलें होतें. 1883 सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1889 सालीं मुंबईंत शारदासदन उघडलें आणि पुढील वर्षीं तें पुण्यास आणलें. सदनांत धर्मोपदेश व्हावयाचा नव्हता. पण रमाबाईंची स्वतःची प्रार्थना उघड्या दारानें चाले आणि कांहीं मुली तेथें येऊन बसत. यावरून वादळ उठलें. 1893 सालीं न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. पालकांना हा विश्वासघात वाटला. रमाबाईंना, आपल्याच घरीं देवाशीं बोलतांना दार लावणें, हा भित्रेपणा वाटला. दोन्ही बाजूंचें दुःख खरें होतें.

पुढें लोणावळ्याच्या एका ख्रिस्ती मेळाव्यांत त्यांनीं एक धाडसी मागणें केलें. आपल्या छायेखालीं ख्रिस्ताकडे वळलेल्या मुली 15 आहेत, त्या 15 च्या पंधरापट, म्हणजे 225 व्हाव्या! याच सुमारास, 1896-97 मध्यें, मध्य प्रांतांत भीषण दुष्काळ पडला. रमाबाई प्रार्थना करून स्वस्थ बसल्या नाहींत. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि अन्नावांचून मरणाच्या दारीं टेकलेल्या सुमारें 300 मुली व स्त्रिया त्यांनीं आणविल्या. पुण्यांत प्लेगमुळें निर्बंध आले, तेव्हां फळबागेसाठीं घेतलेली केडगांवची जमीन हाच त्यांचा आसरा झाला. मागतांना हात जोडावे आणि मिळतांना तेच हात कामाला लावावे, अशी तेथील रीत पडली. शेती, विणकाम व छापखाना हीं प्रार्थनेच्या जोडीनेंच वाढलीं.

1905 च्या जानेवारींत, वेल्स देशांतील धर्मजागृतीची वार्ता ऐकून, रमाबाईंनीं केडगांवीं विशेष प्रार्थना आरंभिली. जूनपर्यंत 550 जणी दिवसांतून दोनदां एकत्र जमूं लागल्या. 29 जूनच्या सुमारास अंतःकरणाचे बांध फुटले. मुली ढसढसां रडून आपल्या पापांची कबुली देऊं लागल्या. त्या जागृतीची वार्ता दूरदूरच्या देशांत पोहोंचली.

तथापि या धैर्याची खरी कसोटी गर्दींत लागली नाहीं. संस्थेची धुरा जिच्यावर सोंपवावयाची, ती एकुलती कन्या मनोरमा 1921 सालीं आईच्या हयातींतच निवर्तली. मागणाऱ्याच्या हिशेबांत हें कोठेंच बसण्यासारखें नव्हतें. रमाबाईंनीं हिशेब मांडला नाहीं. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठींत चालविलेलें बायबलाचें भाषांतर त्यांनीं पुढें नेलें आणि तें काम तडीस लावून 5 एप्रिल 1922 रोजीं देह ठेविला. तें समग्र बायबल केडगांवच्याच छापखान्यांत, सदनांतील स्त्रियांच्या हातून छापलें गेलें. त्यांतील कित्येकींना एके काळीं अक्षरओळखही नव्हती.